नाणी तोलणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी



नाण्यांचा पाठ शिकवताना मुलं हमखास विचारतात, सर, नाणं किती जुनं आहे हे कसं ओळखायचं? रोमचं चांदीचं नाणं असेल तर सोपं आहे. त्यावर ऑगस्टस, टायबेरियस अशा सम्राटाचा चेहरा आणि नाव असतं. आपल्या आहत नाण्यांवर मात्र ना नाव, ना साल. नुसते सूर्य, डोंगर, हत्ती असे ठसे.

हे कोडं दा. ध. कोसंबींनी हातात घेतलं. जन्म गोव्यातला, ३१ जुलै १९०७ चा. वडील धर्मानंद पाली भाषेचे मोठे पंडित. मुलगा अमेरिकेत हार्वर्डला शिकला, १९२९ मध्ये पदवी घेऊन परतला आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला. संख्याशास्त्र स्वतः शिकायचं तर खरीखुरी आकडेवारी हवी, म्हणून ते नाण्यांकडे वळले.

त्यांची युक्ती बघा. आधी त्यांनी रोजच्या वापरातली हजारो नाणी एकेक करून तोलली. त्यांवर साल छापलेलं असतं, म्हणून वय माहीत. जितकी वर्षं हातोहात फिरलं तितकं नाणं झिजतं, आणि ही झीज बऱ्यापैकी नियमाने होते. मग हाच नियम त्यांनी तक्षशिलेच्या चांदीच्या नाण्यांना लावला. ती मुळात साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेरची. त्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा असतात. जितक्या खुणा जास्त तितकं नाणं हलकं, असं दिसलं. म्हणजे या खुणा वेळोवेळी नाणं पारखणाऱ्यांनी मारलेल्या. यावरून कोणता गट आधीचा, कोणता नंतरचा, हे लावता आलं. सोनाराचा काटा आणि चिकाटी, एवढंच भांडवल! (मला तर इतिहासाच्या पुस्तकापेक्षा हेच जास्त आवडतं.)

१९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९६२ मध्ये तिथला करार पुढे वाढला नाही, पण काम थांबलं नाही. २९ जून १९६६ ला पुण्यात ते गेले.

वर्गात करून बघायचं असेल तर एकाच छापाची रुपयाची नाणी घ्या, कारण २०११ नंतरचा रुपया मुळातच हलका आहे. एकेक न तोलता सालवार पन्नास-पन्नास एकदम तोला, साध्या काट्यावर फरक तेव्हाच दिसतो. आणि मुलं आधी चिंचेने नाणी घासायला बसतात, ते मात्र करू देऊ नका.