गुर्लहोसूरचे अण्णासाहेब : पोट नोकरीवर, जीव नाटकावर

बेळगाव : ५ नोव्हेंबरला सगळीकडे मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. नटराजाचं पूजन होतं, नांदी म्हटली जाते, नारळ फुटतो. त्याच्या तीनच दिवस आधी, २ नोव्हेंबरला, आपल्याच जिल्ह्यातल्या बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांची पुण्यतिथी असते. ती मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही.

किर्लोस्कर म्हटलं की लोकांना आधी कारखाना आठवतो. कारखानदार लक्ष्मणराव याच घराण्यातले, पण अण्णासाहेब त्यांच्या आधीच्या पिढीतले. त्यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूर गावी झाला. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेही १८४३ मध्येच. म्हणजे मराठी नाटक आणि अण्णासाहेब एकाच वयाचे!

बारा वर्षांचे होईपर्यंत ते घरीच कानडी आणि मराठी शिकले. पुढे शिक्षणासाठी कोल्हापूर, धारवाड आणि मग पुणे. पुण्यात नाटकाचा नाद लागला आणि अभ्यास मागे पडला. फिरत्या नाटक मंडळ्यांना ते पदं रचून देऊ लागले. १८६६ मध्ये त्यांनी 'भरतशास्त्रोत्तेजक मंडळी' काढली. ही मंडळी काही फार चालली नाही.

मग पोटासाठी नोकरी आली. बेळगावात शिक्षक, नंतर पोलीस खातं, पुढे रेव्हेन्यू कमिशनरची कचेरी. पण नाटक सुटलं नाही. 'शांकरदिग्जय' हे नाटक त्यांनी याच काळात लिहिलं. बेळगावातच गोविंद बल्लाळ देवल हा तरुण त्यांच्या सहवासात आला. नटांना तालीम देण्यात नाव काढणारे आणि पुढे 'शारदा' लिहिणारे देवल ते हेच.

बदली होऊन अण्णासाहेब पुण्याला गेले. तिथे १८८० मध्ये एका पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' त्यांनी पाहिलं. असं गाण्याचं नाटक मराठीत का होऊ नये, हे त्यांनी मनावर घेतलं आणि कालिदासाचं 'शाकुंतल' मराठीत आणायला बसले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याचे पहिले चार अंक रंगले. सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. लिहिणारे तेच, चाली बांधणारे तेच, तालीम घेणारे तेच आणि तोंडाला रंग लावून उभे राहणारेही तेच.

त्यांनी नेमकं काय बदललं? भाव्यांच्या पद्धतीत गाण्याचा भार सूत्रधारावर असे. पात्रं समोर असायची, गाणारा बाजूला. अण्णासाहेबांनी ज्याचं पद त्याच्याच तोंडी दिलं. त्यामुळे नटाला गळा हवा झाला, आणि गळा असलेले नट शोधून आणायचं पडद्यामागचं काम वाढलं. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर असे गाणारे त्यांना मिळाले. १८८२ मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले. तेही तिथे कचेरीत कारकुनी करणारे.

चालींसाठी ते लांब गेले नाहीत. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या चाली आणि लहानपणापासून कानावर पडलेली कानडी पदं, सगळं त्यांनी वापरलं. मराठी संगीत नाटकाच्या पायात आपल्या सीमाभागातली कानडी चालही आहे, हे इथल्या दोन्ही भाषांच्या लोकांनी विसरू नये.

नोव्हेंबर १८८२ मध्ये 'सौभद्र'चे तीन अंक रंगमंचावर आले, पुढच्या वर्षी पूर्ण नाटक. 'रामराज्यवियोग' मात्र अपुरंच राहिलं. १८८५ मध्ये गुर्लहोसूरलाच त्यांचं निधन झालं. वय फक्त ४२. 'शाकुंतल'पासून हिशेब केला तर त्यांच्या हाती जेमतेम पाच वर्षं आली.

कंपनी त्यांच्या मागे बरीच वर्षं चालली. १९०५ मध्ये बालगंधर्व तिथेच दाखल झाले.

आज सीमाभागातली हौशी मंडळं ऑफिस, दुकान, शाळा आटोपून रात्री तालमीला बसतात. हॉलचं भाडं, लाईटवाला, मेकअपवाला यांचा मेळ घालताना मंडळाच्या खजिनदाराच्या नाकी नऊ येतात. नोकरी सांभाळून नाटक होतं का, असं घरचे विचारतात. त्याचं उत्तर गुर्लहोसूरच्या या माणसाने कधीच देऊन ठेवलं आहे. येत्या रंगभूमी दिनाला नटराजाशेजारी त्यांचाही एक फोटो ठेवायला काय हरकत आहे?