रंगांतून सापडलेला नेम

पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियातील स्ट्रेलेन गावी झाला. वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांना ॲनिलीन रंगांचे वेड लागले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले, की एखादा रंग ठरावीक पेशींनाच धरतो, शेजारच्या पेशींना शिवतही नाही. रंगाला जमते, ते औषधाला का जमू नये? रोगावर नेमकी बसणारी जादुई गोळी शोधणे हाच मग त्यांचा ध्यास झाला.

१८९१ मध्ये त्यांनी मेथिलीन ब्लू हा रंग मलेरियाच्या दोन रुग्णांवर वापरला. १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी सहकारी साहाचिरो हाता यांच्या प्रयोगांत ६०६ क्रमांकाचे संयुग गरमीच्या रोगावर गुणकारी ठरले. तेच साल्व्हर्सन. कर्करोगावर मात्र त्यांना असे औषध सापडले नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या फ्रँकफर्टमध्ये एर्लिख १८९९ पासून काम करत होते, तिथेच १८९५ मध्ये शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंग कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे दाखवून दिले होते.

आज याच कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यात एर्लिख यांची कल्पना उपयोगी पडते आहे. एन्फोर्ट्युमॅब व्हेडोटिन हे सलाईनवाटे दिले जाणारे औषध पेशीवरील नेक्टिन-४ या प्रथिनाला चिकटते आणि आत विष सोडते. पेम्ब्रोलिझुमॅबसोबत ते सुरुवातीलाच दिले, तेव्हा निम्मे रुग्ण ३१ महिन्यांहून अधिक जगले. केमोथेरपीत हा काळ १६ महिने होता. त्यात पुरळ, हातापायांना बधिरता आणि वाढलेली साखर सांभाळावी लागते. एर्डाफिटिनिब ही तोंडाने घ्यायची गोळी. गाठीच्या तपासणीत एफजीएफआर जनुकात बदल आढळला, तरच तिचा उपयोग. इम्युनोथेरपीनंतर दिल्यावर हा काळ आठऐवजी बारा महिने झाला. तिच्यात डोळे आणि रक्तातील फॉस्फेट तपासत राहावे लागते. दोन्ही अभ्यासांतील रुग्ण वेगळ्या टप्प्यावरचे होते. म्हणून नुसते आकडे शेजारी ठेवून एक औषध सरस ठरवता येत नाही.

या आजाराचे सर्वांत मोठे कारण आज तंबाखूचे धूम्रपान आहे. कसारा असो वा मुंबई, लघवीतून एकदाही रक्त गेले, दुखत नसले, आपोआप थांबले, तरी तपासणी करून घ्यावी. लवकर सापडलेली गाठ बहुधा दुर्बिणीतून काढता येते.