बांधकामाची आकडेमोड करून वैतागलेल्या इंजिनिअरनं आई-वडिलांच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर उभा केला होता

सिव्हिलवाल्या कुणालाही विचारा, सगळ्यात डोकं खाणारा विषय कोणता? दहातले निम्मे तरी म्हणतील, स्ट्रक्चरल ॲनालिसिस. आज निदान सॉफ्टवेअर आहे. बिल्डिंगचं मॉडेल टाकायचं, वजन द्यायचं, बटण दाबायचं. कोणत्या बीमवर किती ताण येतो ते स्क्रीनवर दिसतं.

१९३० च्या दशकात हे सगळं हातानं करावं लागायचं. आणि त्याच कंटाळ्यातून एका सिव्हिल इंजिनिअरनं जगातला पहिला चालणारा प्रोग्रॅमेबल कॉम्प्युटर बनवला. त्यांचं नाव कोनराड झुसे.

झुसेंचा जन्म २२ जून १९१० चा, बर्लिनमधला. त्यांना चित्रकलेचा नाद होता, पण शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग. बर्लिनच्या टेक्निकल कॉलेजमधून १९३५ ला पदवी घेतली.

तिथंच ती आकडेमोड त्यांच्या मानगुटीवर बसली.

त्यात अवघड काय होतं? एक साधी चौकट घ्या. एका बीमवर वजन टाकलं की ताण शेजारच्या खांबांवर जातो, खांबांवरून पुढच्या बीमवर. म्हणजे एका जागेचं उत्तर दुसऱ्या जागेच्या उत्तरावर अवलंबून. त्यामुळे सगळी समीकरणं एकत्र सोडवावी लागतात. समीकरणं थोडी वाढली की आकडेमोड अफाट वाढते. आणि मध्ये एक आकडा चुकला की पुढचं सगळं चुकतं.

झुसेंच्या एक गोष्ट लक्षात आली. या कामात प्रत्येक पायरीला डोकं लागत नाही. हा आकडा घ्या, त्यानं गुणा, इथं लिहा, पुढं जा. पायऱ्या ठरलेल्या असतील तर माणूस कशाला हवा? मशीनच करेल की!

पदवीनंतर त्यांना बर्लिनजवळ हेन्शेल या विमान कंपनीत नोकरी मिळाली. तिथंही तीच आकडेमोड. शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि आई-वडिलांच्या घरात, थेट हॉलमध्येच कारखाना टाकला. पैसे घरच्यांनी आणि मित्रांनी दिले. पत्र्याच्या हजारो पट्ट्या कापायला मित्रच मदतीला आले.

१९३८ मध्ये झेड-१ तयार झालं. ते ० आणि १ या दोनच अंकांवर चालायचं, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरसारखंच. पण पट्ट्या सारख्या अडकायच्या. मग झुसे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात त्या रिलेकडं वळले. १२ मे १९४१ ला त्यांनी काही शास्त्रज्ञांना झेड-३ दाखवलं. त्यात दोन हजारांहून जास्त रिले होते. प्रोग्रॅम लिहिला जायचा सिनेमाच्या जुन्या फिल्मला भोकं पाडून. एका गुणाकाराला साधारण ३ सेकंद लागायचे.

पण काळ हिटलरच्या जर्मनीचा होता, आणि हा भाग टाळून झुसेंची गोष्ट सांगता येत नाही. हेन्शेल विमानातून सोडायचे ग्लाइड बॉम्ब बनवायची. त्यांच्या पंखांमधला फरक मोजून दुरुस्तीचा हिशोब करणारं एक खास मशीन झुसेंनीच बनवलं होतं. ज्या बुद्धीला पुलांची गणितं सोपी करायची होती, ती युद्धाच्याही कामी आली.

त्याच युद्धानं त्यांची मशीनंही खाल्ली. १९४३ च्या अखेरीस बॉम्बहल्ल्यात झेड-३ गेलं. झेड-१ सुद्धा असंच गेलं. उरलं एकटं झेड-४.

१९४५ मध्ये बर्लिन पडायच्या आधी झुसे ते घेऊन निघाले. तेव्हा त्याचं नाव व्ही-४ होतं. व्ही-१ आणि व्ही-२ ही जर्मनीची क्षेपणास्त्रं, त्यामुळे हेही काहीतरी गुप्त हत्यार असणार असं वाटून ते हलवायला मदत मिळाली, असं सांगितलं जातं. अखेर मशीन आल्प्सच्या पायथ्याशी एका खेड्यात पोहोचलं.

१९४९ मध्ये तिकडं एक पाहुणा आला. एडुआर्ड श्टीफेल, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक. त्यांनी एक समीकरण दिलं. झुसेंनी तिथल्या तिथं प्रोग्रॅम बनवून ते मशीनवर सोडवून दाखवलं. श्टीफेल खूश झाले आणि मशीन भाड्यानं घेतलं.

१९५० ते १९५५ झेड-४ ईटीएचमध्ये धडधडत राहिलं. रात्री माणसं घरी गेली तरी त्याचं काम सुरूच असायचं. विमानाच्या पंखांची थरथर तिथं मोजली गेली, आणि स्वित्झर्लंडच्या ग्रँड डिक्सेन्स धरणाची गणितंही. हे धरण २८५ मीटर उंच आहे. एवढ्या भिंतीवर पाण्याचा दाब कुठं किती पडेल, हे धरण बांधून बघता येत नाही. ते आधी आकड्यांतच बघावं लागतं. आज सिम्युलेशन म्हणतात ते याच वाटेनं पुढं आलं.

म्हणजे बांधकामाच्या गणिताला कंटाळून बनवलेलं मशीन शेवटी बांधकामाच्याच कामाला आलं.

झुसेंना श्रेय मात्र उशिरा मिळालं. १९४१ मध्ये केलेला पेटंटचा अर्ज तब्बल २६ वर्षांनी, १९६७ मध्ये फेटाळला गेला. कारण काय, तर यात शोध म्हणावा असं पुरेसं काही नाही! त्यांच्या कंपनीनं २५० च्या आसपास कॉम्प्युटर बनवले, पण पैशांची गणितं जुळली नाहीत. कंपनी हातातून गेली आणि शेवटी सीमेन्सकडं आली.

झुसे पुन्हा चित्रं काढायला लागले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी बॉम्बहल्ल्यात गेलेलं झेड-१ नव्यानं उभं केलं. ते आज बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. झेड-४ म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. १८ डिसेंबर १९९५ ला झुसे गेले.

आता एखादा पूल किंवा धरण बघाल तेव्हा एवढं आठवा. त्याचा पहिला दगड पडायच्या आधी ते एका कॉम्प्युटरमध्ये बांधून झालेलं असतं. आणि ही सोय आधी सुचली ती गृहपाठाला कंटाळलेल्या एका सिव्हिलच्या पोराला.