नीरा, बटाटा आणि डॉ. कमला सोहोनी

आपल्या आदिलाबादकडे ताड आणि शिंदीची झाडं कोणाला नवी नाहीत. पहाटे उतरवलेला गोड रस ऊन चढलं की आंबतो आणि त्याची ताडी होते, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. न आंबलेला तोच रस म्हणजे नीरा. ती पौष्टिक असते असं आपण ऐकत आलो. पण हे प्रयोगशाळेत तपासून दाखवणाऱ्या शास्त्रज्ञ एक मराठी बाई होत्या, हे आपल्यातल्या फारच थोड्यांना माहीत असेल. म्हणून यावेळी डॉ. कमला सोहोनींविषयी.

माहेरच्या त्या कमला भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. म्हणजे आपल्यासारखंच महाराष्ट्राबाहेरचं मराठी गाव. लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी मिळवली आणि त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी नकार दिला.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. थेट बंगळूर गाठून त्यांनी कारण विचारलं आणि सत्याग्रहाची तयारी ठेवली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करायचं, आणि मुलांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही! ही शेवटची अट त्यांना आयुष्यभर सलत राहिली. रामन यांच्याविषयी आपल्याला आदर आहेच, पण ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांचंही मत बदललं आणि त्या संस्थेत पुढच्या मुलींना वाट मिळाली.

पुढे केंब्रिज. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर त्या वनस्पतींचा श्वासोच्छ्वास अभ्यासत होत्या. अन्नातून ऊर्जा निघते ती पेशीत, पायरीपायरीने. त्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारा एक दुवा म्हणजे सायटोक्रोम सी. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना दिसलं की ही व्यवस्था प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या पेशीतही आहे. यावरचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध अवघा चाळीस पानांचा! १९३९ साली पदवी मिळाली. विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं.

आजकाल शास्त्रज्ञाचं मोल त्याचे शोधनिबंध किती आणि इतरांनी त्यांचा दाखला किती वेळा दिला यावर ठरवतात. त्या मोजणीत कमलाबाई दोन माणसं होतात. १९३९ साली हिल यांच्यासह ‘नेचर’मध्ये छापलेल्या टिपणावर नाव भागवत. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं, तरी १९५१ साली हिल यांच्याबरोबर त्याच विषयावरचा जो निबंध आला त्यावरही भागवतच. आणि कडधान्यांतल्या, प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणाऱ्या घटकांवरचं मुंबईतलं सगळं काम सोहोनी या नावाने. एका नावाने शोधणाऱ्याला निम्म्याच कमलाबाई सापडतात. कागदपत्रांवर दोन नावं घेऊन कचेऱ्यांत हेलपाटे घालणाऱ्या आमच्या भगिनींना हे वेगळं सांगायला नको.

परदेशात राहिल्या असत्या तर कदाचित निबंधांची संख्या वाढली असती. त्या १९३९ सालीच परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि मग मुंबईची विज्ञान संस्था. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सुचवण्यावरून त्यांनी नीरा हाती घेतली. तिच्यात अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह असल्याचं, आणि ताडगुळातही त्यातलं बरंच टिकून राहत असल्याचं त्यांच्या कामातून दिसलं. आदिवासी समाजातल्या कुपोषित मुलामुलींना आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर तब्येत सुधारते, हेही दिसून आलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आपल्या भागातल्या गोंड-कोलाम वस्त्यांचा विचार केला की हे काम केंब्रिजच्या शोधाहून लहान वाटत नाही.

मुंबईच्या संस्थेचं संचालकपद त्यांना मिळालं, पण हक्काच्या वेळेपेक्षा बरंच उशिरा. १९६६ साली ग्राहकांसाठी मुंबईत जी संस्था उभी राहिली तिच्या संस्थापक बायकांत त्या होत्या. भेसळ आणि आहार यांवर सोप्या भाषेत लिहीतही राहिल्या. १९९८ साली दिल्लीत वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेल्या.

त्यांचं ‘आहार-गाथा’ हे मराठी पुस्तक कोणाच्या घरी असेल तर मंडळाला जरूर कळवा. आम्हा सगळ्यांना वाचायचं आहे.