सर्राचा माग काढणारा पशुवैद्य

कुत्र्याचा ताप राहून राहून येतो, चेहरा आणि पाय सुजतात, हिरड्या पांढऱ्या पडतात. मग डोळ्यांवर निळसर-पांढरी साय धरल्यासारखी दिसू लागते. मालकाला वाटते, मोतीबिंदू असावा. अशा वेळी जाणता पशुवैद्य रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. तांबड्या पेशींना ढुसण्या देत वळवळणारे परोपजीवी दिसले, की निदान पक्के होते : सर्रा. या परोपजीवीचे शास्त्रीय नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. ज्यांच्या नावावरून ते पडले, त्या ग्रिफिथ इव्हान्स यांचे म्हणणे मान्य व्हायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.

७ ऑगस्ट १८३५ रोजी वेल्समधील टाउइन गावाजवळ त्यांचा जन्म झाला. लंडनला पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते ब्रिटिश तोफखान्यात रुजू झाले. कॅनडातील नेमणुकीच्या काळात नोकरी सांभाळून त्यांनी मॅकगिल विद्यापीठातून माणसांच्या वैद्यकाचीही पदवी मिळवली. त्याच वर्षी, १८६४ मध्ये, अमेरिकेतील यादवी युद्ध पाहायला ते गेले आणि अध्यक्ष लिंकन यांना भेटून आले. सूक्ष्मदर्शकाची त्यांना विलक्षण ओढ होती. ती पुढे हिंदुस्थानात कामी आली.

१८७७ मध्ये ते हिंदुस्थानात आले. १८८० मध्ये, सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईलखान येथे (हे शहर आता पाकिस्तानात आहे) घोडे आणि उंट सर्राने मरत होते. तपासाचे काम इव्हान्स यांच्याकडे आले. आजारी घोड्यांच्या रक्तात त्यांना एक चपळ, वळवळणारा जीव आढळला. तो नुसता पाहून ते थांबले नाहीत. आजारी जनावराचे रक्त त्यांनी निरोगी घोड्यांना आणि कुत्र्यांना टोचले. त्यांच्याही रक्तात तोच जीव दिसू लागला. मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे हा रोग होतो, हा स्थानिक लोकांचा समजही त्यांनी अहवालात नोंदवला. साहेबी अंमलदारांनी अशा समजुती हसण्यावारी नेण्याचा तो काळ होता, म्हणून या नोंदीचे मोल अधिक.

वरिष्ठांना हे पटले नाही. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ होता, असेही म्हणता येणार नाही. कलकत्त्यात टिमोथी लुईस यांना उंदरांच्या रक्तात असेच जीव सापडले होते आणि ते उंदीर ठणठणीत होते. मग घोड्याच्या रक्तातला जीव रोगाचे कारण कशावरून? तो रोगामुळे नंतर आलेला का नसावा? जंतूमुळे रोग होतो, हा विचारच तेव्हा नवा होता. रॉबर्ट कॉख यांचे काळपुळीवरील संशोधन प्रसिद्ध होऊन जेमतेम चार वर्षे लोटली होती. इव्हान्स यांच्याकडे टोचणीच्या प्रयोगांचा पुरावा होता. पण एका लष्करी पशुवैद्याच्या शब्दाला तेवढे वजन नव्हते.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. जॉन हेन्री स्टील यांना १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील खेचरांच्या रक्तात हाच परोपजीवी दिसला. त्यांनी तो वेगळ्याच वर्गातला मानला, पण नाव मात्र इव्हान्स यांचे दिले. पुढच्याच वर्षी मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. १८९१ मध्ये ऐन उमेदीत त्यांचे निधन झाले.

१८९५ मध्ये डेव्हिड ब्रूस यांना झुलूलँडमधील गुरांच्या नागाना रोगात असाच परोपजीवी सापडला आणि इव्हान्स यांचे काम पुन्हा चर्चेत आले. माशीचा दुवा लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये हिंदुस्थानातच सिद्ध केला. आजारी जनावराचे रक्त पिताना हुसकलेली माशी लगेच दुसऱ्याला चावते आणि तिच्या सोंडेला लागलेल्या रक्तातून रोग पसरतो. कुत्र्यांना आणखी एक धोका असतो. सर्राच्या जनावराचे कच्चे मांस खाल्ल्यानेही त्यांना लागण होते. उपचार आहेत, मात्र परोपजीवी मेंदूपर्यंत पोचला असेल, तर औषधांचा तेथे पुरेसा शिरकाव होत नाही आणि रोग उलटतो.

निवृत्तीनंतर इव्हान्स वेल्समधील बँगोर येथे राहिले आणि तेथील महाविद्यालयात त्यांनी पशुआरोग्य हा विषय शिकवला. मानसन्मान आले ते वयाची ऐंशी उलटल्यावर : १९१७ मध्ये मेरी किंग्जली पदक आणि १९१८ मध्ये ज्या स्टील यांनी जंतूला त्यांचे नाव दिले, त्यांच्याच स्मरणार्थ ठेवलेले पदक. डिसेंबर १९३५ मध्ये, शंभरी पूर्ण करून, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यानंतर ६९ वर्षांनी, २००४ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातील एका पशुपालक शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आढळला. या जंतूला मारणारे एक प्रथिन माणसाच्या रक्तात सहसा असते. या रुग्णाच्या रक्तात ते नव्हते, असे पुढील तपासणीत दिसून आले. आफ्रिकेतील निद्रारोगावर वापरले जाणारे सुरामिन देऊन त्याला बरे करण्यात आले.