रावबहादूर पारसनीस

सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर चढून पाहिले असते, तर कापडी रुमालांत बांधलेले कागदांचे गठ्ठे तेथे सहज दृष्टीस पडले असते. त्यांवर धूळ साचलेली असे. कडा कसरीने खाल्लेल्या असत. मोडी लिपीतील ती पत्रे कोणी कोणास लिहिली, याची विचारपूस घरात कोणी करीत नसे. पावसाळ्यात गळक्या छपराखाली त्यांचा लगदा होई, नाहीतर एखाद्या दिवशी ती वाण्याच्या दुकानी रद्दीत जात. रणांगणावरून आलेला खलिता आणि किराण्याचा हिशेब या दोहोंची गत एकच होई.

अशा कागदांना वाचविण्याचा ध्यास साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी घेतला. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७० रोजी झाला. १८९४ साली, ऐन तारुण्यात, त्यांनी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले. राणीच्या मृत्यूस तेव्हा केवळ छत्तीस वर्षे लोटली होती. पुढे १९०० साली त्यांनी साताऱ्याजवळच्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचे चरित्र त्यांच्या पत्रव्यवहारासह प्रकाशात आणले. बखरीतला बाजीराव तेवढा विजयी वीर. पण या पत्रांतून कर्जाच्या ओझ्याने गांजलेला बाजीरावही वाचकांना भेटला. जुन्या पत्रांचे मोल लोकांना कळू लागले ते अशा गोष्टींमुळे.

तरी पण कागद मिळविणे सोपे नव्हते. आपल्या वतनाची वा जुन्या देण्याघेण्याची एखादी भानगड त्यांतून निघेल, अशी धास्ती कित्येक घराण्यांना वाटे, आणि ती अगदीच निराधार होती असे नाही. गोड बोलून, भरवसा देऊन, पुन्हा पुन्हा खेटे घालून एकेक रुमाल सोडवून घ्यावा लागे. याच काळात मिरजेस संस्कृतचे शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे पटवर्धन सरदारांचे दप्तर चाळीत बसले होते. १८९७ पासून त्यांनी ती पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने छापण्यास आरंभ केला. पटवर्धनांच्याच सांगली संस्थानावर पारसनिसांनी १९१७ साली इंग्रजीत एक पुस्तक लिहिले.

पारसनिसांच्या हाती लागलेले सर्वांत मोठे धन मात्र वाईजवळच्या मेणवलीचे. तेथे कृष्णेच्या घाटावर नाना फडणिसांचा वाडा आहे. पेशवाईचा कारभार ज्यांच्या हातून चालला, त्या नानांच्या दप्तरात काय नसेल! दरबारोदरबारीच्या वकिलांची पत्रे, गुप्त बातम्या, हिशेब. नाना १८०० साली निवर्तले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी त्या दप्तराचा मोठा भाग पारसनिसांच्या संग्रहात आला.

साताऱ्यातील त्यांच्या घराचे नाव 'हॅपी व्हेल'. हस्तलिखिते, दुर्मीळ ग्रंथ, नकाशे, नाणी आणि जुनी चित्रे यांनी ते घर भरून गेले. १९०८ साली त्यांनी 'इतिहाससंग्रह' हे मासिक सुरू केले, आणि पेटाऱ्यांतील पत्रे छापील पानांवर येऊ लागली. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्यासह त्यांनी मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन भागांत लिहिला. त्याचा शेवटचा भाग १९२५ साली निघाला.

परंतु घरातला संग्रह हा एका माणसाच्या आयुष्याच्या दोरीला बांधलेला असतो. मालक गेला की रुमाल पुन्हा माळ्यावर जावयाचे! म्हणून हा ठेवा सर्वांसाठी सुरक्षित राहावा, यासाठी पारसनिसांनी सरकारकडे खटपट केली. अखेर साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालयाची इमारत उभी राहिली, आणि १९२५ साली ते संग्रहालय उघडले. त्याचे वैभव त्यांना फार दिवस पाहता आले नाही. ३१ मार्च १९२६ रोजी पारसनीस मृत्यू पावले.

पुढे १९३९ साली हा संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात नेण्यात आला. गावचे धन गावाबाहेर गेल्याची हळहळ सातारकरांना वाटली असेल, तर त्यात नवल नाही. मात्र ते कागद पुन्हा माळ्यावर गेले नाहीत. नानांच्या मेणवलीच्या वाड्यातून निघालेले रुमाल तेथे अभ्यासकांसाठी सोडले जातात, आणि मोडी जाणणारी माणसे त्यांतील एकेक ओळ लावीत बसतात.