हॅरी फर्ग्युसन : ट्रॅक्टर उलटू नये म्हणून झटलेला माणूस

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडमधल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. १९०९ मध्ये त्यांनी स्वतः बनवलेलं विमान उडवलं. पण त्यांचं खरं काम शेतातलं. त्या काळी ट्रॅक्टर मागचा नांगर नुसता ओढायचा. फाळ दगडात अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटायचा आणि चालकाचा जीव जायचा. फर्ग्युसन यांनी खाली दोन, वर एक अशा तीन दांड्यांनी नांगर ट्रॅक्टरलाच जोडला. फाळावर जोर वाढला की वरची दांडी दाबली जाते, त्यामुळे हायड्रॉलिक लिफ्ट नांगर आपोआप थोडा उचलते. १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही जोडणी आली. १९६० मध्ये ते वारले. आपल्याकडच्या ट्रॅक्टरमागेही याच तीन दांड्या असतात. मुलांना जवळून नक्की दाखवा.